मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील प्रसंग आणि मंडळी

प्रसंगपर वाङ्मयाविषयी आपल्या समीक्षेची भूमिका नेहमीच काहीशी संकोचाची राहिली आहे. बारसे, विवाह, साठीशांत, श्राद्ध अशा निमित्तांनी लिहिलेली कविता त्या निमित्ताबरोबरच संपते, असे आपण गृहीत धरतो. आणि ती तशी संपली नाही, तर तिच्यातील 'खरी' कविता निमित्ताला ओलांडून गेली असे म्हणून तिचा गौरव करतो. म्हणजे दोन्ही पक्षी निमित्त हे कवितेचे वैगुण्यच ठरते. या भूमिकेमागे कलावंताच्या एकाकी अनुभूतीविषयीचा आदर आहे, आणि तो अनाठायी नाही. परंतु ज्या समाजाला आपले जन्म, विवाह आणि मृत्यू साजरे करण्यासाठी भाषाच नव्याने घडवावी लागली, त्याच्या वाङ्मयाला ही कसोटी कितपत लागू पडते? मराठी ख्रिस्ती समाज हा असा समाज होय. त्याच्या वाङ्मयाचा सर्वांत जिवंत भाग धर्मोपदेशाचा नाही आणि मतखंडनाचाही नाही. एकत्र जमलेल्या माणसांच्या साक्षीने आयुष्यातील टप्पे ओलांडण्याच्या अनुभवाचा तो आहे, असे मला वाटते. या विधानाचा अर्थ आणि त्याच्या मर्यादा तपासून पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या अनुभवाचे मर्म एका साध्या शब्दात साठलेले आहे. तो शब्द म्हणजे 'मंडळी'. मराठी बायबलात आणि प्रॉटेस्टंट ख्रिस्ती जनांच्या नित्याच्या बोलण्यात चर्च या समुदायाला 'मंडळी' म्हणतात. उपासनेची इमारत निराळी आणि मंडळी निराळी. ग्रीक भाषेतील मूळ शब्दाचा अर्थ बोलावून एकत्र केलेला जनसमुदाय असा आहे, आणि तेवढ्यापुरता 'मंडळी' हा त्याचा नेमका पर्याय ठरतो. पण मराठीत या शब्दाला आणखी एक ऊब आहे. वऱ्हाडी ती मंडळी, घरची ती मंडळी, पंगतीला 'चला मंडळी' म्हणून हाक घालायची तीही मंडळीच. आणि बायकोचे नाव चारचौघांत न घेणारा जुन्या पिढीतील गृहस्थ तिच्याविषयी बोलताना 'आमची मंडळी' असे म्हणे. ज्यांनी हा शब्द योजिला त्यांनी हे सारे अर्थ हेतुतः मनात धरले होते की नाही, हा प्रश्न गौण आहे. भाषेने ते धरून ठेवले, हे महत्त्वाचे.

या शब्दाकडे माझे लक्ष गेले ते अनुवादाच्या निमित्ताने. गेली काही वर्षे माझे वास्तव्य चंडीगडलगतच्या मुल्लानपूर येथे आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'तील काही प्रकरणे हिंदीत उतरविताना हा शब्द पुन्हापुन्हा आडवा येऊ लागला. हिंदीत 'कलीसिया' हा शब्द रूढ आहे. तो मूळ ग्रीक शब्दच अरबी-फारसीच्या वाटेने आलेला. तो भारदस्त आहे, पण त्याला स्वयंपाकघराचा वास नाही. हिंदी 'मण्डली' हाही ख्रिस्ती जनांच्या वापरात आहे. पण सर्वसाधारण वाचकाच्या मनात तो भजनी किंवा नाटकी मंडळीचे चित्र उभे करतो. लक्ष्मीबाईंच्या वाक्यात 'मंडळी' येते तेव्हा उपासनेला जमलेले लोक कोणते आणि दारात येऊन ठेपलेले पाहुणे कोणते, यांतील सीमारेषा कित्येकदा पुसट होते. ही पुसटता हा शैलीचा दोष नव्हे. लेखिकेच्या अनुभवाचा तो आकारच आहे.

या भागातील एका पंजाबी मसीही उपासनेला एका रविवारी जाण्याचा योग आला. इब्रानी स्तोत्रांचे इमामुद्दीन शाहबाज यांनी पंजाबी पद्यात केलेले रूपांतर येथे अद्याप गायिले जाते. टिळकांनी अभंग-ओवीसाठी जे केले, त्याच्याशी समांतर असे हे कार्य विसाव्या शतकाच्या आरंभीचे आहे. उपासना संपल्यावर त्या आठवड्यात ज्यांचे वाढदिवस किंवा विवाहाचे वार्षिक दिन येत होते त्यांना पुढे बोलाविण्यात आले. एक वृद्ध जोडपे आले, दोन मुले आली, आणि शेवटी एक तरुण कामगार एकटाच येऊन उभा राहिला. त्या सभेत त्याच्या नात्याचे कोणीही नव्हते, हे त्याच्या उभे राहण्यावरूनच कळत होते. सर्वांनी मिळून त्याच्यासाठी गाणे म्हटले, प्रार्थना झाली, चहाच्या वेळी बायकांनी त्याला आग्रहाने खाऊ घातले. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतही अशी प्रथा आहे. तिच्या निमित्ताने द्यावयाच्या दानाला 'उपकारस्तुतीचे दान' म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा प्रकार किरकोळ वाटेल. पण वाढदिवस हा आपला आपल्याला साजरा करता येत नाही. आनंदाला आनंद म्हणणारे दुसरे कोणी लागते.

नेमकी हीच गोष्ट एकोणिसाव्या शतकातील मराठी धर्मांतरिताने गमावली होती. धर्मांतराची चर्चा आपण मतांच्या भाषेत करतो. पण धर्मांतरिताच्या प्रत्यक्ष जीवनात पहिली उणीव भासते ती माणसांची. भावाच्या मुलाचे बारसे होते आणि पान मांडले जात नाही. आई मरते आणि खांदा देता येत नाही. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. मधल्या पाच वर्षांची हकिकत हा 'स्मृतिचित्रे'तील सर्वांत वेधक भाग आहे. आणि त्याचे कारण लेखिकेने त्या काळाला वादविवादाचे रूप दिलेले नाही. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेण्याइतके कडकडीत सोवळे पाळणाऱ्या वडिलांची ही मुलगी. अकराव्या वर्षाच्या सुमारास तिचे लग्न झाले. नवरा ख्रिस्ती झाल्यावर नातलगांनी तिला सांभाळले. पुढे ती अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, नवऱ्यापाशी आली तरी काही काळ आपली चूल व आपले सोवळे तिने निराळेच राखले. आणि मग कोणाच्याही उपदेशावाचून, आपल्याच मनाशी केलेल्या विचारातून जातिभेदाचा बांध तिने ओलांडला. येथे धर्माचा प्रश्न पाण्याच्या भांड्यापाशी आणि पंगतीपाशी येऊन उभा राहतो. कोणाच्या हातचे खायचे, म्हणजे कोणाला आपली मंडळी म्हणायचे?

लक्ष्मीबाईंच्या बाप्तिस्म्याकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे त्याचे वाङ्मयीन स्वरूप स्पष्ट होते. आत्मचरित्रातील धर्मांतर हा सामान्यतः एकांतातील साक्षात्कार असतो. बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' बहुतांशी त्याच परंपरेतील आहे. 'स्मृतिचित्रे'त मात्र बाप्तिस्मा ही एका मोठ्या, गडबडीच्या, हसऱ्या कुटुंबात दाखल होण्याची घटना आहे. त्यानंतरच्या प्रकरणांत घर सतत माणसांनी भरलेले दिसते. सांभाळलेली मुले, विद्यार्थी, निराधार स्त्रिया, वेळी-अवेळी येणारे पाहुणे. आणि ख्रिस्ती नसलेले बालकवी ठोमरे हेही या घरात काही काळ राहिलेले. टिळकांची अव्यवहारी उदारता आणि लक्ष्मीबाईंची तिच्यामुळे होणारी तारांबळ यांतून जो विनोद निर्माण होतो, तो केवळ स्वभावविनोद नव्हे. गोत गमावलेले एक जोडपे नवे गोत जमवीत आहे, या क्रियेचा तो विनोद आहे. म्हणूनच त्याच्या तळाशी एक कारुण्य सतत वाहत असते.

गोत जमले तरी त्याच्या मुखी भाषा असावी लागते. येथे टिळकांच्या गीतरचनेचे खरे महत्त्व आहे. सर्वसाधारण मराठी वाचक त्यांना फुलांमुलांचे कवी म्हणून ओळखतो. पण त्यांची कविता सर्वांत अधिक वेळा उच्चारली गेली आहे ती उपासनेत, घरच्या प्रार्थनेत, लग्नात आणि दफनभूमीत. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांच्या रचना विपुल आहेत. त्यांच्यापूर्वीही कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या गीतकारांनी देशी चालींचा मार्ग खुला केला होता. परंतु परक्या चालीवर ओढूनताणून बसविलेल्या मराठी शब्दांनी सुतकात बसलेल्या माणसाचे सांत्वन होत नाही, हे टिळकांइतके स्पष्टपणे क्वचितच कोणी ओळखले असेल. त्यांनी अभंग घेतला, ओवी घेतली, भजन घेतले. एरवी ज्याला समीक्षक 'रूढ आविष्कार' म्हणून बाजूला सारील, तोच येथे आवश्यक होता. दुःखाच्या वेळी मनुष्य नवी लय शोधीत नाही. आजीच्या तोंडची लय शोधतो.

विवाहविधीच्या बाबतीत भाषेचा प्रश्न अधिकच सूक्ष्म होतो. ख्रिस्ती विवाहापूर्वी वधूवरांची नावे उपासनेत जाहीर केली जातात आणि कोणाला हरकत असल्यास ती सांगण्यास मंडळीला सांगितले जाते. विधीत वधू आणि वर दोघेही प्रथमपुरुषी एकवचनात, सर्वांना समजेल अशा भाषेत वचन देतात. म्हणजे मराठी ख्रिस्ती वधूला भर सभेत मराठीत एक संपूर्ण वाक्य स्वतःच्या तोंडाने बोलावे लागते. ज्या काळी वधूचे वय अकरा असे आणि विधी तिला न कळणाऱ्या संस्कृतात चाले, त्या काळाच्या पार्श्वभूमीवर या वाक्याचे मोल लक्षात येईल. अर्थात ही जाणीव केवळ ख्रिस्ती समाजाची होती असे नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापिला आणि पुरोहितावाचून विवाह लावण्यास आरंभ केला. त्यासाठी त्यांनी मराठी मंगलाष्टके रचिली, आणि त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त अशा विधींचा विचार ग्रंथित झाला. पुढे १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध समाजालाही आपले विवाहविधी नव्याने सिद्ध करावे लागले. या तीन धारा एकमेकींपासून कितीही भिन्न असोत, आपल्या आयुष्यातील मोठ्या क्षणी आपल्याला कळणारी भाषा बोलली जावी, हा हट्ट तिघींचाही आहे. मराठी गद्यपद्याच्या इतिहासात या हट्टाचे प्रकरण अद्याप नीट लिहिले गेलेले नाही.

आतापर्यंतचे विवेचन मुख्यतः देशावरील प्रॉटेस्टंट परंपरेविषयी झाले. कोकणपट्टीतील कॅथलिक परंपरेचा इतिहास याच्या जवळजवळ उलट आहे, आणि तुलनेसाठी तो मोलाचा आहे. गोव्यात आणि वसईत धर्मांतर पुष्कळदा गावेच्या गावे मिळून झाले. तेथे गोत तुटले नाही, गोतासकट माणसे नव्या धर्मात गेली. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले ते या नवख्रिस्ती समुदायापुढे वाचले व गायिले जावे म्हणूनच. पुराणश्रवणाला जमण्याची सवय असलेल्या माणसांना त्यांची ओवी परत मिळाली. परंतु राज्यसत्तेचा कल लवकरच पालटला. १६८४ साली पोर्तुगीज शासनाने देशी भाषेच्या उच्चाटनाचा हुकूम काढला. आणि १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने जन्म, विवाह व मृत्यू या प्रसंगींचे देशी आचार निषिद्ध ठरविणारा जाहीरनामा प्रसिद्ध केला. लग्नातील हळद आणि स्त्रियांची लग्नगीतेही त्या निषेधातून सुटली नाहीत. सत्तेने लग्नाच्या गाण्याची भीती बाळगावी, यापेक्षा त्या गाण्याच्या सामर्थ्याचा दुसरा पुरावा तो कोणता?

निषेध निघाला, पण गाणे राहिले. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत लग्नाआधी नारळाच्या रसाने वधूवरांना न्हाऊ घालण्याचा 'रोस' आजही होतो. मुंबई-ठाणे परिसरातील ज्या ख्रिस्ती समाजाने १८८७ च्या सुमारास 'ईस्ट इंडियन' हे नाव स्वीकारले, त्याच्या लग्नात वाजतगाजत विहिरीवर जाऊन 'उंबराचे पाणी' आणण्याचा विधी आहे. वसईच्या सामवेदी ख्रिस्ती बायका मांडवात आपल्या बोलीतील गीते म्हणत आल्या आहेत. येथे एक गोष्ट विशेषेकरून नोंदविली पाहिजे. या घरांत मांडवाची भाषा आपली होती, पण वेदीची भाषा लॅटिन होती; आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) लोकभाषांना उपासनेत स्थान देईपर्यंत ही स्थिती टिकली. देशावरील मंडळीला वेदीपाशी मराठी मिळाली, पण मांडवातील माणसे हरवली. किनाऱ्यावरील समाजाला मांडव राखता आला, पण वेदीपाशी त्याची भाषा मुकी राहिली. एका बाजूला लेखी गीत व आत्मचरित्र, दुसऱ्या बाजूला मौखिक लग्नगीत, अशी या दोन परंपरांची जी वाङ्मयीन विभागणी दिसते, तिचे मूळ बरेचसे या भेदात आहे, असे मला वाटते.

येथवर गुणांचा विचार झाला, आता उणिवांचा. मराठी ख्रिस्ती प्रसंगपर वाङ्मयातील पुष्कळसा भाग बोधप्रवण आहे. बारशाचे गीत बाळाकडे पाहण्याआधी त्याच्या आत्म्याकडे पाहते. मृत्युगीत शोकाला पुरता वेळ देण्याआधी स्वर्गाचे दार उघडते. १८५७ सालच्या 'यमुनापर्यटना'त हा दोष मुळापासून दिसतो. विधवांच्या दुःस्थितीविषयीची पदमनजींची कळकळ अस्सल आहे, आणि मराठी कादंबरीच्या आरंभी ती उभी आहे हा आपल्या वाङ्मयाचा सन्मानच आहे. पण यमुनेचा पुनर्विवाह हा त्या ग्रंथात एका युक्तिवादाचा निष्कर्ष म्हणून येतो. त्या लग्नाला जमलेली माणसे आपल्याला दिसत नाहीत, त्यांचे आवाज ऐकू येत नाहीत. प्रसंग आहे, मंडळी नाही. 'स्मृतिचित्रे' या मोहातून सुटते ते लेखिकेला कमी श्रद्धा होती म्हणून नव्हे. तिची श्रद्धा माणसांच्या गर्दीतच वावरत होती, म्हणून तिला त्या गर्दीतील भांडणे, कंजुषी, फजिती, लाचारी झाकावीशी वाटली नाही.

याहूनही गंभीर प्रश्न आहे तो 'मंडळी' या शब्दाने दिलेल्या वचनाचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगर जिल्ह्यात आणि आसपास ख्रिस्ती झालेल्यांत महार आणि मांग समाजातील माणसे बहुसंख्य होती. ब्राह्मण धर्मांतरिताच्या घरातून हरवलेल्या गोताचे दुःख आपल्या वाङ्मयाने ऐकले. कारण ते सांगणारी लेखणी त्या घरात होती. ज्यांना गावाच्या पंगतीत जागाच नव्हती, त्यांना मंडळीच्या पंगतीत प्रथमच बसताना काय वाटले असेल, त्याचे तितक्याच तोडीचे निवेदन आपल्याला क्वचित आढळते. आणि ती पंगत तरी पुरती एक होती का? वाढदिवसाला सर्वांनी मिळून गाणे आणि सोयरीक जुळविताना मात्र पूर्वीची जात हळूच विचारणे, हा अनुभव भारतातील अनेक मंडळ्यांच्या ओळखीचा आहे. गीत 'आम्ही सर्व एक' असे म्हणते तेव्हा ते वस्तुस्थिती सांगत नसते. एक ऋण कबूल करीत असते. हे ऋण फिटले आहे असे मानणारे वाङ्मय निर्जीव होते. ते अजून शिल्लक आहे, या जाणिवेने लिहिलेले वाङ्मय टिकते. समीक्षेने कसोटी लावायची तर ही लावावी.

टिळकांचे निधन ९ मे १९१९ रोजी मुंबईत झाले. दफनाची रीत असलेल्या समाजातील या कवीच्या देहाला त्याच्या इच्छेनुसार अग्नी देण्यात आला आणि रक्षा अहमदनगरला नेण्यात आली. दोन समाजांच्या साक्षीने जगलेल्या माणसाने अखेरचा टप्पाही दोहोंच्या भाषेत ओलांडला, असे या घटनेविषयी म्हणता येईल. त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. त्यांची स्वतःची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली, आणि अखेरचा भाग १९३६ साली, त्यांच्या निधनानंतर आला. एकाने मांडलेले दुसऱ्याने पुरे करावे, दुसऱ्याने ठेवलेले तिसऱ्याने छापावे. या घराच्या ग्रंथनिर्मितीतही मंडळीचाच धर्म दिसतो. कलाकृती ही एकट्या व्यक्तीची असते, या आपल्या गृहीताला येथे शांतपणे मुरड पडते.

२०२० साली उस्मानाबाद येथे, आजच्या धाराशिवात, भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादक राहिलेल्या या वसईच्या धर्मगुरूंचे २०२४ साली निधन झाले. त्यांच्या आत्मकथनाचे नाव 'नाही मी एकला' असे आहे. 'स्मृतिचित्रे'नंतर कित्येक दशकांनी, वेगळ्या पंथातील आणि वेगळ्या किनाऱ्यावरील लेखकाला आपल्या आयुष्याविषयी सांगताना हेच शब्द सुचावेत, हा योगायोग नव्हे. वाङ्मयातील एकाकीपणाचे मोल आपण जाणतो. पण एकटे नसणे हीही एक कमावलेली, किंमत मोजून मिळविलेली अनुभूती असू शकते, आणि तिलाही आपल्या सौंदर्यविचारात जागा असली पाहिजे.

अनुवादापुरते सांगायचे तर अखेर मी 'कलीसिया' वगळली आणि लक्ष्मीबाईंचा 'मंडळी' हा शब्द हिंदीत तसाच, ळकारासह, ठेवला. पहिल्या पानावर तो वाचकाला अडेल, हे खरे. पण चार प्रकरणे गेली, दोन लग्ने झाली, एक मूल दगावले, पाहुण्यांच्या पाच-सहा पंगती उठल्या, की या शब्दाचा अर्थ सांगावा लागणार नाही, असा माझा भरवसा आहे. तोवर वाचकही त्या मंडळीतला झालेला असेल.